झोपेसाठी कॅमोमाइलचा चहा आईला देऊ का? बाजारातली शेवंती वाळवून चालेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बेळगावच्या शहापूरला राहता, आईंचं वय पासष्टच्या आसपास, रात्री एक-दीड वाजेपर्यंत त्यांचा डोळा लागत नाही. पुण्याच्या बहिणीने कॅमोमाइलच्या फुलांचा चहा सुचवलाय. तो लागू पडतो का, बेळगावात मिळतो का, आणि नाहीच मिळाला तर फुलबाजारातली पांढरी शेवंती वाळवून चालेल का?

शेवंतीचं आधी सांगते, कारण ते थांबवायला हवं. ती वापरू नका. मी फार्मासिस्ट आहे, खानापूर तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे आणि घरच्या शेतात आम्ही शेवंती-झेंडू लावतो. दसरा-दिवाळीचा बाजार धरायचा असला की मावा आणि फुलकिड्यांसाठी शेवंतीवर फवारण्या होतात, त्या मी बांधावर उभं राहून बघते. हे फूल हाराला जाणार, पोटात जाणार नाही, असंच सगळे धरून चाललेले असतात. म्हणून फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस गेले हे कोणी मोजत नाही. पाण्याखाली धुतलं तरी सगळं औषध निघून जात नाही. चीनमध्ये शेवंतीचा चहा पितात हे खरं आहे, पण तो पिण्यासाठीच वाढवलेल्या जातींचा. आपल्या बाजारातल्या फुलाला तो न्याय लावता येत नाही.

दारावरच्या कृष्णकमळाच्या वेलाबद्दलही सांगून ठेवते, कारण दुकानात हाही प्रश्न येतो. झोपेच्या कॅप्सूलवर ‘पॅशनफ्लॉवर’ लिहिलेलं असतं आणि कुणीतरी सांगतं, अहो ते आपलं कृष्णकमळच. कूळ तेच, पण औषधात वापरतात ती जात पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा. शोभेसाठी लावलेल्या कितीतरी जातींच्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. त्या वेलाची पानं उकळू नका.

आता कॅमोमाइल. युनानी वैद्यकात याला बाबूना किंवा गुल-ए-बाबूना म्हणतात, म्हणजे आपल्या देशाला हे फूल अगदीच नवं नाही. उत्तर प्रदेशात लखनौच्या बाजूला त्याची शेती होते आणि तिथल्या सीमॅप या केंद्रीय संस्थेने त्याच्या लागवडीवर बरंच काम केलंय. चहासाठी बहुतेक वेळा मिळतं ते जर्मन कॅमोमाइल, मॅट्रिकेरिया कॅमोमिला. बारीक पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळा घुमट, आणि सफरचंदासारखा गोडसर वास. ओळखायची एक सोपी खूण आहे. पिवळा घुमट ब्लेडने उभा चिरा. आत पोकळ असेल तर जर्मन, भरीव असेल तर दुसरं काहीतरी. वाळलेलं फूल कोमट पाण्यात जरा भिजवलं की ही चाचणी घरीही जमते. बेळगावात मोठ्या सुपरमार्केटात आणि काही औषधदुकानांत टी-बॅग मिळतात. सुटी फुलं हवी असतील तर जडीबुटीच्या दुकानात बाबूना म्हणून मागा, पण चिरून बघितल्याशिवाय घेऊ नका.

पण आणण्याआधी आईंना दोन गोष्टी विचारा. माझ्या उत्तरातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, या दोन विसरू नका.

पहिली: काँग्रेस गवताने त्यांना कधी खाज, पुरळ, शिंका असं काही झालंय का? 1950च्या दशकात पुण्याकडे नजरेला आलेलं हे गवत आज आपल्याकडे प्रत्येक रस्त्याच्या कडेला, प्रत्येक पडीक जागेत आहे. त्याने होणारा त्वचेचा त्रास मी वर्षानुवर्षं बघतेय. मान, चेहरा, पापण्या, कोपराच्या आतली बाजू लाल होऊन सुजते, खाजून खाजून कातडी जाड होते, पावसाळ्यात वाढते. शेतात भांगलणीला जाणाऱ्या बायकांना सगळ्यात जास्त. हे गवत, शेवंती, झेंडू, सूर्यफूल आणि कॅमोमाइल एकाच कुळातले. एकाची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसऱ्यानेही त्रास होऊ शकतो, आणि प्यायलेल्या गोष्टीची प्रतिक्रिया कातडीपुरती राहीलच असं नाही. ओठ सुजणं, धाप लागणं इथपर्यंत जाऊ शकतं. आईंना हा त्रास असेल तर कॅमोमाइलचा विषय तिथेच सोडून द्या. हा इशारा पाकिटावर बारीक अक्षरांत असतो, तोही इंग्रजीत, आणि त्यात आपल्या काँग्रेस गवताचं नाव नसतं. म्हणून मी एवढं लांबण लावून सांगतेय.

दुसरी: त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? हृदयाची झडप बदललेल्यांना, ठोके अनियमित असणाऱ्यांना वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रोम देतात. कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात 2006 साली एका सत्तर वर्षांच्या बाईंची हकीकत आली होती. त्या वॉर्फरिन घेत होत्या आणि सोबत कॅमोमाइलचा चहा व मलम भरपूर वापरत होत्या. त्यांना शरीरात आतल्या आत रक्तस्राव झाला. ही एकच हकीकत असली तरी वॉर्फरिनच्या रुग्णाला मी हा चहा देणार नाही. मूत्रपिंड बदललेल्यांना, शरीराने ते नाकारू नये म्हणून, सायक्लोस्पोरिन चालू असतं, त्यांनीही टाळावा. आईंना आधीच कुणी झोपेची किंवा चिंतेची गोळी दिली असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्यावर हा चहा नको. गुंगी वाढली की रात्री बाथरूमला जाताना पडायची भीती, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

या दोन्हींत काही नाही ना? मग देऊन बघायला हरकत नाही. पण किती आशा ठेवायची हेही समजून घ्या.

या फुलात एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं. मेंदूत अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या जिथे जाऊन बसतात, तिथेच हे द्रव्यही बसतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. मात्र बसायची ताकद गोळीपेक्षा फार कमी, आणि कपभर चहात त्याचं प्रमाणही थोडंच. माणसांवरच्या अभ्यासांत उत्तर एकसारखं आलेलं नाही. अमेरिकेत 2011 साली जुन्या निद्रानाशाच्या 34 रुग्णांना 28 दिवस कॅमोमाइलच्या अर्काच्या गोळ्या दिल्या, झोपेत म्हणावा असा फरक पडला नाही. तैवानमध्ये 2016 साली बाळंतीण झालेल्या 80 बायकांवर अभ्यास झाला. ज्यांनी दोन आठवडे चहा प्यायला त्यांना थोडं बरं वाटलं, पण चहा थांबल्यावर काही आठवड्यांनी पाहिलं तेव्हा तो फरक राहिला नव्हता. इराणमध्ये वृद्धाश्रमातल्या लोकांना दिवसातून दोनदा 200 मिलिग्रॅम अर्क महिनाभर दिला, त्यांची झोप सुधारली. तुमच्या आईंच्या वयाला शेवटचा अभ्यास जवळचा आहे, पण तिथे दिला होता अर्क, चहा नव्हे.

यावरून आणि दुकानात ऐकते त्यावरून माझं मत असं झालंय: ज्यांचं मन रात्री कामात, काळजीत अडकून राहतं, अंथरुणात पडल्यावर विचार थांबत नाहीत, त्यांना हा चहा मदत करतो. ज्यांची झोप दुखण्यामुळे, धापेमुळे किंवा वारंवार लघवीला उठल्यामुळे मोडते, त्यांना तो काहीच करत नाही. मी स्वतः हिशेबाच्या दिवसांत, मार्चअखेरीला, रात्री घेते. गुंगी येत नाही. जबडा सैल होतो, खांदे खाली येतात, एवढं जाणवतं. मला तेवढं पुरतं.

करायची पद्धत आपल्या चहाच्या पद्धतीपेक्षा वेगळी आहे. खळाखळा उकळू नका, दूध घालू नका. दोन-तीन ग्रॅम वाळलेली फुलं, म्हणजे पोह्याचा मोठा चमचा शिगोशीग भरून, पेल्यात घ्या. त्यावर उकळतं पाणी दीडशे-दोनशे मिली ओता आणि लगेच बशीने झाका. झाकणं महत्त्वाचं, कारण त्यातलं सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. आठ-दहा मिनिटांनी गाळून घ्या. टी-बॅगेत साधारण एक-दीड ग्रॅमच असतं, तेव्हा ती वापरत असाल तर दोन घ्या. मधुमेह नसेल तर थोडा मध चालेल. झोपायच्या तासभर आधी द्या, अगदी अंथरुणात शिरताना नको. नाहीतर तोच चहा रात्री दोनला उठवेल. दोन आठवडे रोज एकाच वेळेला देऊन बघा. फरक नसेल तर सोडून द्या, प्रमाण वाढवत बसू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद.

आपल्याकडचं जायफळ घातलेलं दूध विचाराल तर तेही चांगलं, पण जायफळ सहाणेवर दोन-चार वळसे उगाळलेलं, तेवढंच. चमचाभर जायफळ पूड पोटात गेली तर विषबाधा होते; छाती धडधडते, भास होतात. घरचं आहे म्हणून हवं तेवढं घ्यावं असं ते नाही.

चहापेक्षा मला जास्त बोलायचंय ते आईंच्या दिवसाबद्दल. आपल्या भागात संध्याकाळी सहाचा कडक चहा म्हणजे देवाला दिवा लावण्याइतका नेमाचा, आणि पाहुणे आले की साडेसातला पुन्हा एक. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात. म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकराला रक्तात असतं, आणि वयाबरोबर झोप हलकी झालेली असते. दुपारी चारनंतर चहा बंद करून बघा, आधी तेवढंच करून बघा.

आणखी एक गोष्ट नाजूकपणे विचारा: मिसरी लावतात का? निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ, आणि आपल्या तालुक्यांत किती घरांतल्या मोठ्या बायका रात्री जेवण झाल्यावर मिसरी लावतात हे मला ठाऊक आहे. डॉक्टरांसमोर त्या ते सांगत नाहीत, काउंटरवर माझ्याशी हळू आवाजात बोलतात. दात शिवशिवतात म्हणून लावतो म्हणतात. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि निकोटीन जागं ठेवतं. तिने झोप जाते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तपकिरीचंही तेच. निदान संध्याकाळनंतरची मिसरी सुटली तर कुठल्याही फुलाच्या चहापेक्षा जास्त फायदा होईल, शिवाय तोंडाच्या कॅन्सरची भीती कमी होईल ती वेगळीच. रागावून सांगू नका, लपवायला लागतील.

बी.पी.च्या गोळ्यांतली एखादी लघवी वाढवणारी असते. ती रात्री घेत असतील तर सकाळी घेतली तर चालेल का हे डॉक्टरांना विचारा. तुमच्या मनाने वेळ बदलू नका. झोपेत मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं असेल तर ती स्लीप अ‍ॅप्निया असू शकते, तिथे गुंगी आणणारं काहीही देणं धोक्याचं. आणि पहाटे तीनला जाग येऊन रडू येतं, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर ते नैराश्य असण्याची शक्यता मोठी. त्याला औषध आहे, उपचाराने माणूस बरा होतो. धारवाडला डिम्हान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. तोवर बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. आईंना संकोच वाटत असेल तर आधी तुम्ही फोन करून बोला.

राहिलं मिळण्याचं. टी-बॅग महाग वाटत असतील तर कुंडीत लावा की. बेळगावची थंडी या रोपाला मानवते. ऑक्टोबरअखेरीस बी पेरा. बी धुळीसारखं बारीक असतं, ते मातीत पुरू नका. नुसतं वर भुरभुरवून हाताने दाबा, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. पाणी फवाऱ्यानेच द्या. पाकळ्या सपाट उघडल्या की कोवळ्या उन्हात फुलं खुडा, सावलीत कागदावर पसरून वाळवा, आणि काचेच्या बरणीत अंधारात ठेवा. वर्षाच्या आत संपवा, नंतर वास जातो. कीटकनाशक मात्र एकदाही मारू नका. मावा दिसला तर पाण्याची धार पुरते.