गाड्या एकदम उगवतात आणि यार्ड जाम होतं, काय करू?

प्रश्न : दादा, ओपन रेल्समध्ये (कॉम्प्युटरवरचा रेल्वेचा गेम) मी होटगी ते मोहोळ एवढा तुकडा स्वतः ट्रॅक टाकून बनवलाय, मधे सोलापूर. टाइमटेबलची फाईल पण बनवली, २२ गाड्या टाकल्या. पण काही गाड्या डोळ्यासमोर प्लॅटफॉर्मवरच उगवतात, काही कितीतरी उशिरा येतात आणि सकाळी सातच्या आत सोलापूर यार्ड ठप्प. गाड्या कधी आणि कुठून याव्यात हे माझ्या हातात कसं आणू? फाईल सोबत पाठवतोय. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : फाईल बघितली. मेहनत लई घेतलीयस, ट्रॅकमध्ये काही चूक नाही. चूक एकच आहे, तू गाड्या मोजल्यास, रेक (एकत्र जोडलेले डबे) नाही मोजले. २२ गाड्या म्हणजे २२ रेक नसतात रे. हुतात्मा सकाळी सोलापूरहून पुण्याला जाते आणि रात्री परत येते, मग तो रेक रात्रभर कुठंतरी उभा असणारच ना, सकाळी सहाला हवेतून कसा येईल? तू नेमकं तेच केलंयस. हॅश (#) स्टार्टच्या ओळीत, म्हणजे गाडी कधी सुरू होणार ते लिहितो तिथं, नुसती वेळ दिली की गेम त्या वेळेला पाथच्या (गाडीच्या ठरवलेल्या रस्त्याच्या) सुरुवातीला गाडी ठेवतो, आणि तुझा पाथ प्लॅटफॉर्मवरून सुरू होतो म्हणून गाडी तिथंच उगवते.

तर ज्या गाड्या सोलापूरहूनच सुटतात त्यांच्या वेळेपुढं डॉलर ($) क्रिएट लिही (हे सगळे शब्द फाईलमध्ये इंग्रजीत, आकडे पण इंग्रजीच). क्रिएटला वेळ दिली नाहीस तर दिवसाची पहिली गाडी सुटायच्या आधीच तो रेक तयार होऊन उभा राहतो आणि आपल्या सुटायच्या वेळेपर्यंत हलत नाही. वेळ दिलीस तर त्या वेळेला तयार होतो. एकाच सायडिंगला दोन रेक ठेवायचे असतील तर दुसऱ्याला क्रिएटच्या मागं अहेड लावून पहिल्या गाडीचं नाव दे, नाहीतर ट्रॅक भरलेला आहे म्हणून दुसरा रेक गेम ठेवतच नाही.

उशिरा येणाऱ्या गाड्यांचं कारण पण हेच. ट्रॅकवर आधीची गाडी उभी असेल तर गेम नवीन गाडी तिच्यावर टाकत नाही, जागा मोकळी होईपर्यंत थांबवतो. तुझ्या होटगीच्या टोकाला एकच छोटा ट्रॅक आहे आणि त्यावर तू मालगाडी ६:१० ला आणि एक्स्प्रेस ६:१३ ला टाकलीयस, मग एक्स्प्रेस कुठं येणार? ते टोक स्टेशनपासून चांगलं लांब ने, जिथं तुला गाडी उगवताना दिसणारच नाही, आणि तिथं दोन-तीन वेगळे ट्रॅक टाक, प्रत्येकाला त्याचा सिग्नल.

मग गॅप किती ठेवायचा? होटगी ते सोलापूर अंदाजे १५ किलोमीटर धर. मालगाडी ५० ने आली तर १८ मिनिटं, एक्स्प्रेस १०० ने आली तर ९. म्हणजे मालगाडीच्या मागून ९ मिनिटांच्या आत एक्स्प्रेस सोडलीस तर ती सोलापूरच्या आधीच तिला गाठणार आणि सिग्नलला उभी राहणार, आपण सगळे आउटरला बसतो तशी. वर मालगाडीला लूपमध्ये (बाजूच्या ट्रॅकवर) आत घ्यायला ५-६ मिनिटं. म्हणून मी गॅप १५ मिनिटं धरतो. मागं मालगाडी आणि पुढं एक्स्प्रेस असेल तर एवढा गॅप लागत नाही, सिग्नल मोकळा झाला की सोड.

आता यार्ड. तू हॅश डिस्पोजमध्ये (गाडी पोचल्यावर तिचं काय करायचं ती ओळ) जवळपास सगळीकडे डॉलर स्टॅटिक टाकलंयस, म्हणजे आलेला रेक कायमचा तिथंच. सातपर्यंत सहा रेक येऊन बसले आणि कुणीच जात नाही, जाम होणारच! ज्या गाड्या सोलापूरवरून पुढं निघून जातात त्यांचं डिस्पोज रिकामं ठेव, पाथ संपला की गाडी गेममधून निघून जाते, फक्त पाथ नकाशाच्या टोकापर्यंत ने. आणि ज्या इथंच संपतात त्यांना डॉलर फॉर्म्स लावून पुढच्या गाडीचं नाव दे, मग तोच रेक ती गाडी बनतो. एक बघ, पुढच्या गाडीचा पाथ आलेली गाडी जिथं उभी राहते तिथूनच सुरू व्हायला पाहिजे. इंजिन दुसऱ्या टोकाला न्यायचं असेल तर फॉर्म्सच्या मागं रनराउंड लावून इंजिनाचा पाथ द्यायचा. इंजिन सुटून लूपमधून फिरून पलीकडं लागताना बघितलंस की कळेल, मला तर या गेममधलं सगळ्यात आवडतं काम हेच आहे.

माझं ऐक, आधी वहीत रेक लिंक काढ. एका ओळीत एक रेक, तो सकाळी कुठं, दुपारी कुठं, रात्री कुठं. २२ गाड्यांना माझ्या हिशोबाने ९ रेक पुरतात, आणि यार्डात एका वेळी ४ च्या वर उभे राहत नाहीत.

प्रश्न : थांबणाऱ्या गाडीमुळं मागच्या आणि समोरच्या गाड्यांचा रस्ता फुकट अडतो. (तोच वाचक)

उत्तर : स्टेशनच्या रकान्यात वेळेपुढं डॉलर होल्ड लाव. प्लॅटफॉर्मच्या टोकाचा स्टार्टर सिग्नल गाडी सुटायच्या २ मिनिटं आधीपर्यंत लाल राहतो, तोपर्यंत पुढचे पॉइंट (रूळ बदलायच्या जागा) दुसऱ्या गाडीला वापरता येतात. सोलापुरात दहा-दहा मिनिटं थांबणाऱ्या सगळ्या गाड्यांना लाव.

प्रश्न : रात्रीची सिद्धेश्वर चालवायला घेतली की गेम लोड व्हायला खूप वेळ लागतो, लॅपटॉप खराब आहे का? (वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : लॅपटॉप ठीक आहे. तू रात्रीची गाडी निवडलीस की गेम आधी दिवसभरातल्या सगळ्या गाड्या मनात चालवून बघतो, म्हणजे त्या वेळेला कोण कुठं आहे ते कळतं. चहा ठेव तोवर. फारच वेळ जात असेल तर रात्रीसाठी वेगळी फाईल कर, त्यात संध्याकाळनंतरच्याच गाड्या ठेव आणि आधीच आलेले रेक डॉलर क्रिएटने उभे कर.

प्रश्न : मालगाड्या रोज वेगळ्या वेळी याव्यात असं करता येईल का? खऱ्या मालगाडीला कुठं टाइमटेबल असतं! (वाचक, होटगी)

उत्तर : बरोबर बोललास, आपल्याकडं मालगाडी कंट्रोलर जागा बघून सोडतो. मी एकाच फाईलच्या तीन कॉप्या ठेवल्यात, पॅसेंजर आणि एक्स्प्रेस तिन्हीत त्याच, फक्त मालगाड्यांच्या वेळा वेगळ्या, आणि मित्राला सांगतो यातली कुठली पण एक दे, मला सांगू नको. शिवाय मालगाडीला डॉलर वेट लावून एक्स्प्रेसचं नाव दिलं की ती एक्स्प्रेससाठी थांबते. आषाढीच्या स्पेशल टाकायच्या असतील तर चौथी कॉपी कर, पण रिकामे रेक कुठं उभे करणार ते आधी ठरव, कुर्डुवाडी-पंढरपूर सिंगल लाईन आहे.