सुपरहिरोचा अंगरखा आणि शिंप्याचा टाका

प्रश्न : आम्ही चौघं रंकाळ्यावर दहा मिनिटांची सुपरहिरो फिल्म करतोय. पोशाख चित्रात झकास दिसतो, शिवून घातला की गॅदरिंगमधला वाटतो. मोठे स्टुडिओ काय करतात?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : कॉमिकमधलं कापड हे कापड नसतंच, उघड्या अंगावर भरलेला रंग असतो. खरी लायक्रा, म्हणजे अंगाला चिकटणारं ताणतं कापड, कोपरा-गुडघ्यात गोळा होते, उन्हात चमकते. म्हणून २००० सालच्या ‘एक्स-मेन’ चित्रपटाने कॉमिकमधला पिवळा रंग सोडून सगळ्यांना काळं चामडं चढवलं. २००२च्या ‘स्पायडर-मॅन’ने रंग राखले आणि कापडाखाली स्नायूंचा आकार दिलेला थर घातला. ही वाट आम्हाला जास्त पटते. हिरो तालमीतला असेल तर थराचा खर्च वाचेल!

शिवायला पेठेच्या संघाच्या फुटबॉल जर्सी शिवणाऱ्याकडे जा. ताणणारं कापड त्याच्या हातातलं असतं, ताणाबरोबर ताणणारा टाका घालणारं ओव्हरलॉक मशीनही असतं. कापड बिनचमकीचं घ्या. माप उभ्यानं दिलंत तर उकिडवं बसताच मागची शिवण उसवेल. बसूनही माप द्या. साधा सरळ टाका कापडाबरोबर ताणत नाही, तुटतो. पोशाखाचे दोन जोड करा, घामानं भिजलेलं कापड गडद दिसतं आणि पुढचा शॉट जुळत नाही.

मुखवटा अंगरख्याला जोडू नका. १९८९च्या बॅटमॅनचा रबरी मुखवटा खांद्यापर्यंत सलग होता. मायकेल कीटनला बाजूला बघायचं तर अख्खं धड वळवावं लागे. २००८च्या चित्रपटात तो सुटा केला. डोळ्यांवर प्लास्टिक नको, वाफ धरतं. बारीक जाळी बाहेरून पांढरी रंगवा. आतून दिसतं, बाहेरून डोळे दिसत नाहीत.

मागे नंतर दुसरं दृश्य जोडायचं असेल तर लावायचा रंगीत पडदा पोशाखाच्या रंगाचा नको. संगणक तो रंग पुसतो, अंगच गायब होईल. २००२मध्ये निळ्या-लाल स्पायडर-मॅनला हिरव्या पडद्यापुढे आणि त्यातल्या हिरव्या खलनायकाला, ग्रीन गॉब्लिनला, निळ्यापुढे उभं करावं लागलं होतं.

प्रश्न : संगणक नसताना टीव्हीवरचा जुना हल्क कसा बदलायचा?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : माणसंच दोन होती. हल्क होण्याआधीचा साधा माणूस बिल बिक्सबी करायचा. आधी त्याच्या डोळ्यांत फिकट लेन्स, मग फाटणारा शर्ट जवळून, आणि पुढच्या शॉटला हिरवा रंग फासलेला शरीरसौष्ठवपटू लू फेरिग्नो. शर्टाची शिवण आधीच ढिली करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी फाटत नाही.