वेक्ना हा देव आहे की लिच? आणि डावा हात, डावा डोळा का नाही?

दोन्ही: डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका निभावण्याच्या खेळातला वेक्ना आधी लिच होता, पुढे देव झाला, पण देव झाल्यावरही त्याचं शरीर अनडेडच, म्हणजे मेलेलं तरी चालतं-फिरतं, राहिलं. या खेळाच्या ग्रेहॉक नावाच्या काल्पनिक जगात लिच म्हणजे स्वतःचा आत्मा एका वस्तूत कोंडून मरण चुकवणारा जादूगार. वेक्नाचा सेनापती कास उलटला, आणि वेक्नानेच कासासाठी घडवलेल्या तलवारीने वेक्नाचा डावा हात आणि डावा डोळा गेला. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की खेळात हे दोन अवशेष आधी आले, 1976 च्या नियमपुस्तकाच्या पुरवणीत. देव म्हणून वेक्ना पुढे आला तो 1990 मध्ये. म्हणजे दंतकथा आधी आणि देव नंतर! खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या प्लेअर्स हँडबुक या नियमपुस्तकात तो दुष्ट गुपितांचा देव आहे, आणि तळहातावर डोळा हे त्याचं चिन्ह. एक मात्र लक्षात ठेवा: तुमच्या मोहिमेत, म्हणजे तुम्ही खेळत असलेल्या कथेत, तो कोणत्या काळातला आहे हे आधी डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, विचारा. देवत्वाआधीचा वेक्ना लढाईत हरवता येतो. देव झालेल्याशी तलवारीने भिडण्यापेक्षा त्याचा बेत उधळणं हाच खरा मार्ग.