रात्री दोन वाजता गावात कोण असतं?

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून आणखी सहा किलोमीटर आत असलेल्या गावात तुला आरोग्याच्या कामासाठी दोन वर्षं काढायची आहेत, आणि सुरुवात कुपोषणापासून करू, बाळंतपणापासून करू की पाण्यापासून, असं तू विचारलं आहेस. माझं ऐकशील तर पहिले तीन महिने कार्यक्रमाचं नाव काढू नकोस. रात्री दोन वाजता पोर तापानं फणफणलं किंवा बाईला कळा सुरू झाल्या, तर त्या गावात कुणाचं दार वाजवतात, एवढं शोधून काढ. तू त्या वेळी खोलीवर झोपलेली असशील, नाहीतर बैठकीसाठी गडचिरोलीला गेलेली असशील. डॉक्टर पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, सिस्टर उपकेंद्रात, मध्ये भरलेला नाला. ज्या बाईचं दार वाजतं तीच त्या गावची आरोग्यसेवा. तुझी दोन वर्षं तिच्या हाताखाली घाल.

मला हे उशिरा कळलं. पहिल्याच वर्षी मी मोठ्या उत्साहानं कुपोषित पोरांसाठी दिवसाचं केंद्र उघडलं होतं. सकाळी नऊ ते चार, चार वेळचं खाणं, वजनाचे तक्ते भिंतीवर. महिना मे. पहिल्या दिवशी अकरा पोरं आली, चौथ्या दिवशी दोन. मी संध्याकाळी घरोघर जाऊन आयांना बोलले, लेकराच्या जिवापेक्षा काय मोठं आहे, असंही म्हणाले. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते. एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "बाई, आमी पोट्टे पाहत बसू तं तेंदू कोन तोडन? अन् तेंदू नाई तोडला तं जून-जुलैमधी खाऊ काय?"

तेंदूपत्ता म्हणजे विड्यांचं पान, त्याचा हंगाम मोजक्या दिवसांचा. पहाटे अंधारात जंगलात जायचं, उन्हं चढायच्या आत परत यायचं, मग पुडे बांधायचे, ते फळीवर, म्हणजे पत्ता खरेदीच्या जागी, नेऊन द्यायचे. पावसाळ्याच्या धान्याची सोय त्याच पैशात होते. म्हणजे मी पोराच्या जेवणासाठी पोराचंच जेवण तोडायला सांगत होते. पुढच्या वर्षी बायांनीच तोड काढली. तीन-चार घरांमागं एक म्हातारी जंगलात न जाता मागं राहील, सामान तिच्याकडं द्या, ती रांधेल आणि पोरांना दिवसातून पाच वेळा भरवेल. त्या म्हातारीच्या मजुरीचा वाटा बाकीच्या घरांनी पत्त्यातून काढून दिला. माझ्या आराखड्यात हे कधीच आलं नसतं, कारण कोणत्या घरची म्हातारी कुणाच्या पोराला मायेनं भरवेल हे मला माहीतच नव्हतं.

आता एक रात्र सांगते. ती तू नीट वाच.

जानेवारीतली थंडी, आठ दिवसांचं बाळ. दोन दिवस अंगावर नीट पीत नव्हतं. गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, पाचवी शिकलेली. तिच्याबरोबर मीही गेले. तिनं आधी चुलीवर हात शेकले, मग बाळाच्या पायाला हात लावला, मग पोटाला. पाय गार, पोट कोमट. मग रिकामी झोळी काट्याला अडकवून काटा शून्यावर आणला, बाळ झोळीत ठेवलं: एकोणीसशे ग्रॅम. त्यानंतर श्वास मोजायची मण्यांची चौकट काढली. ही चौकट गडचिरोलीतच, बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेत तयार झाली. ज्यांना साठपर्यंत सलग मोजणं जड जातं त्यांच्यासाठी ती आहे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो, तर श्वास जलद आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास हे धोक्याचं लक्षण. ती ओठ हलवत मोजत होती. लाल मणी सरकला. तिनं माझ्याकडं पाहिलं.

पोरी, त्या क्षणी माझे हात शिवशिवत होते. चौकट तिच्या हातून घ्यावी, स्वतः मोजावं आणि सासूला सांगून टाकावं, असं वाटत होतं. मी हात शालीतच ठेवले. "पुन्हा एकदा मोज," एवढंच म्हणाले. तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा लाल मणी. मग ती सासूकडं वळली आणि तिच्या बोलीत, तिच्या आवाजात म्हणाली की बाळाच्या छातीत आजार भरला आहे, औषध आजच सुरू करायचं, आणि तोवर बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं. सासूनं मान डोलावली. पोर वाचलं. ते वाक्य माझ्या तोंडून गेलं असतं तर त्या घरानं पुढच्या वेळी माझी वाट पाहिली असती, आणि मी तिथं नसते.

या कामाच्या मागं पुरावा आहे, तोही तुझ्या जिल्ह्यातला. अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य १९८६ मध्ये गडचिरोलीत आलं. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर औषध-इंजेक्शन द्यायला शिकवलं. तीन वर्षांत नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं हे छापलं, आणि २०११ पासून घरी जाऊन बाळ तपासायचं काम देशभरातल्या आशांकडं, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडं, आलं: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळंतपण घरी झालं तर पहिला दिवसही. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशाला २५० रुपये मिळतात. ते वेळेवर मिळतात का, हे पाहणंही तुझं काम आहे. आमच्या भागात एका वर्षी हे पैसे आठ महिने अडकले होते. त्या बायका पदरचे पैसे घालून रोग्याबरोबर जात होत्या, आणि कागद हलवायचे ज्यांच्या हातात होतं ते 'सेवाभाव' शिकवत होते. तू असं कधी बोलू नकोस. तालुक्याच्या ऑफिसात तिच्याबरोबर जा, तिच्या शेजारी बस, पण बोलू तिलाच दे.

पैशाचं आणखी एक. फुकट दिलं म्हणजे गरिबाचं भलं झालं, असं तुला वाटत असेल. वर्ध्याकडं सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानं खेड्यांतून उपचाराची वर्गणी ज्वारीत घेतली होती. सुगीला, ज्याची जशी ऐपत तसे पायली-कुडव. ज्वारी घातलेला माणूस दवाखान्यात हात जोडून उभा राहत नाही, तो विचारतो. तुझ्या भागात ज्वारी नाही, धान आहे. पण तो विचारणारा आवाज हवाच.

ग्रामसभेविषयी थोडं. त्यासाठी नावाजलेलं मेंढा (लेखा) हे गाव तुझ्या तालुक्यातच आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा तू वाचली असशील. तिथं जाऊन घोषणेचा फोटो काढू नकोस, सभेत मागं बस. निर्णय एकमतानं होतो. एकाचंही मन तयार नसेल तर विषय पुढच्या सभेला जातो. पहिल्यांदा बसशील तेव्हा तुला वेळ वाया जातोय असं वाटेल. या गावानं जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवला तो अशाच सभांच्या जोरावर, आणि अभ्यासगटात बसून कायदा वाचायची सवय लावून घेतल्यामुळं. तुझ्या गावात सभा घेशील ती अंधार पडल्यावर घे, जेवणं झाल्यावर. दुपारी बोलावलेल्या सभेला बाया येत नाहीत, आणि पुरुष येतात ते स्वतःला बोलायचं असतं म्हणून.

पूजा करून आजार उतरवणाऱ्या गावच्या पुजाऱ्याशी भांडू नकोस. लोक आधी त्याच्याकडं जातील, जाऊ दे. त्याच्या अंगणात बस, चहा घे, त्याला विचार की कोणतं पोर त्याच्या हातून बरं होत नाही. मला भेटलेल्या बहुतेक पुजाऱ्यांना ते अचूक ठाऊक होतं. पूजा करून लगेच दवाखान्यात धाडणारा पुजारी दहा पोस्टरांपेक्षा जास्त कामाचा. पोरांच्या पोटावर चटके देणं मात्र चालवून घेऊ नकोस. तिथं मान ठेवून, पण स्पष्ट बोल.

गोंडी शिक. निदान एवढी की चुलीपाशी बाया काय बोलतात ते कळावं. दुभाष्या पुरुष असला तर अंगावरून पांढरं जाणं, पाळी, गर्भ पडणं यातलं काहीही तुझ्या कानावर येणार नाही. बंग दांपत्यानं १९८९ मध्ये दोन गावांतल्या बायांची तपासणी छापली तेव्हा ९२ टक्के बायांना स्त्रीरोग निघाले, आणि उपचार जवळजवळ कुणीच घेतले नव्हते. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आता तातडीचं. तू एप्रिलमध्ये पोचशील. जून ते सप्टेंबर ज्यांचे दिवस भरतात त्या बायांची नावं आशाताईबरोबर बसून काढा. कुणाच्या वाटेत नाला येतो, कुणाला पीएचसीच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत, आधी जाऊन राहता येईल, ती गेली तर घरातली पोरं, बकऱ्या कोण पाहील, खाट उचलायला कोणती चार माणसं, हे नावानिशी ठरवा. यादी तिच्या रजिस्टरात राहू दे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मला कळव, नाल्यापलीकडची किती नावं निघाली.

तुझी,
ताई