तळघरातले मासे आणि मेथी

प्रश्न : आम्ही टोरांटोत राहतो. तळघर हिवाळ्यात १५ अंशांवर असते. तिथे ३०० लिटरच्या टाकीत मासे ठेवून त्या पाण्यावर भाजी पिकवता येईल का? तिलापिया पाळावा असा विचार आहे.

उत्तर : येईल, पण तिलापिया नको. त्याला २५ अंशांच्या आसपासचे पाणी लागते आणि ३०० लिटर पाणी एका अंशाने तापवायलाच सुमारे ०.३५ युनिट वीज जाते. खरा खर्च पुढे, ती ऊब टिकवण्यात आहे. १०-१२ गोल्डफिश सोडा. १५ अंशांत ते मजेत राहतात. सोबत मेथी, पालक, कोथिंबीर लावा, टोमॅटो-मिरची नको. तळघरात ऊन नसल्याने एलईडी दिवे रोज १४ तास हवेत.

टाकीचे पाणी ज्यातून फिरते तो भाजीचा वाफा ३० सेंटिमीटर खोल, भाजलेल्या मातीच्या गोळ्यांचा. उष्णता तिथूनही बरीच निसटते, म्हणून टाकीबरोबर वाफ्यालाही ५ सेंटिमीटर जाडीचे फोम लावा. टाकीच्या तळाखालचे फोम बहुतेक जण विसरतात!

टोरांटोच्या नळाच्या पाण्यात क्लोरामाइन हे माशांना घातक जंतुनाशक असते. पाणी रात्रभर उघडे ठेवून ते जात नाही. ते काढणारे औषध घालाच.

मासे आणायची घाई करू नका. मासे सोडतात त्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग झाडांना लागणारे नायट्रेट करणारे जिवाणू थंडीत फार सावकाश वाढतात. पाणी २५ अंशांवर ठेवले तर साधारण सहा आठवडे लागतात, म्हणून सुरुवात उन्हाळ्यात करा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच मासे. पुढे पाणी १० अंशांखाली गेले तर खाद्य बंद ठेवा; न पचलेले खाद्य कुजून अमोनिया वाढतो.