सुपारी फुटायच्या आधीच बातमी फुटली

ताई, नमस्कार.

मी जुळे सोलापूरला राहते, वय 49. आमच्या दहावीच्या मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 23 जणींचा. निम्म्या पुण्याला-हैदराबादला, बाकीच्या इथेच. शनिवार-रविवार आला की कुणाचं हॉटेल, कुणाची बिर्याणी, कुणाच्या नातवाचं बारसं. मीही टाकते. भाकरी, शेंगाचटणी, कुंडीतली जास्वंद. दोन अंगठे येतात, संपलं. गेल्या महिन्यात मात्र माझ्या मेसेजवर 19 जणी बोलल्या. लेकीला बघायला पाहुणे आले होते. रात्री मी लिहिलं, "स्थळ छान आहे, बहुतेक जमेल," सोबत लेकीचा साडीतला फोटो. सोमवारी मुलाच्या आईचा फोन आला, "आमचं घरातच बोलणं व्हायचंय, नि तुम्ही गावभर केलंत?" ग्रुपमधल्या कुणाची तरी जाऊ त्यांच्या नात्यातली निघाली. तिकडून अजून हो नाही, नाहीही नाही. लेक माझ्याशी कामापुरतं बोलते. यजमान म्हणतात, ग्रुप सोड. सोडू का?

— एक मैत्रीण, जुळे सोलापूर

मैत्रिणी,

इतक्यात सोडू नका. गुपचूप बाहेर पडता येतं हे खरं. हल्ली सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण ग्रुपच्या माहितीत जुन्या सदस्यांची यादी 60 दिवस दिसत राहते, आणि कुणीतरी ती उघडतंच. मग 22 जणींना एवढंच कळेल की त्या स्थळाचं काहीतरी बिनसलं. जी बातमी थांबवायची, तिलाच तुम्ही नवा धागा जोडून द्याल.

तुमच्या पत्रात मला दोन अंगठे आणि 19 उत्तरं हे आकडे शेजारी शेजारी दिसले. दोन्ही तुम्ही मोजून ठेवलेत. चटणीला कुणी विचारलं नाही, त्या भुकेपोटी लेकीची बातमी वाढली गेली. म्हणून उत्तरही दोन्हींचं द्यायला हवं. आधी निस्तरायचं ते.

सुरुवात लेकीपासून. तिच्याशी बोलताना "पण मी काय वाईट लिहिलं?" हे वाक्य येऊ देऊ नका. स्थळ चांगलं म्हणालात म्हणून ती चिडलेली नाही. तिचा साडीतला फोटो तिला न विचारता 22 फोनांत गेला, आणि नकार आला तर तो 22 घरांत तिच्या नावावर लागणार, हे तिला दिसतंय. सरळ म्हणा, "फोटो तुला विचारून टाकायला हवा होता. चुकलं. यापुढे तुझं काहीही तू सांगितल्याशिवाय जाणार नाही." आणि थांबा. ती लगेच विरघळणार नाही.

'सगळ्यांसाठी डिलीट' करता येईल का, असं मनात आलं असेल. त्याची मुदत साधारण दोन दिवसांची असते, ती केव्हाच गेली. आता डिलीट केलं तर फक्त तुमच्या फोनमधून जाईल. वेळेत केलं असतं तरी पुढे पाठवलेल्या प्रती तशाच राहतात, शिवाय 'हा मेसेज डिलीट केला' अशी ओळ मागे उरते, ती मेसेजपेक्षा जास्त बोलते. चुकीचा शब्द बदलायला 15 मिनिटं मिळतात. त्या रात्री 'बहुतेक जमेल' खोडायचं सुचलं असतं तर तेवढ्यातच जमलं असतं.

मुलाच्या आईला फोनच करा, मेसेज नको. मेसेज त्यांच्या घरात चौघांना वाचून दाखवला जातो आणि वाचणाऱ्याच्या सुरात ऐकला जातो. फोन तुम्हीच करा. यजमानांनी केला तर मुलीकडचे उत्तर मागायला आले असं वाटेल. मध्यस्थ असतील तर त्यांच्या कानावर आधी घाला. दुपारी तीन-साडेतीनला, दोन मिनिटांत: "मैत्रिणींच्यात माझ्याकडून उतावळेपणा झाला, तुम्हाला त्रास झाला, माफ करा. तुम्ही सवडीनं ठरवा." आणि "मग काय विचार केलात?" हे त्याच फोनमध्ये अजिबात विचारू नका. एवढ्या एका प्रश्नानं माफीचा सौदा होतो.

ग्रुपवर एकच ओळ: "त्या स्थळाचं अजून काही ठरलेलं नाही. कुणाकडे विषय निघाला तर एवढंच सांगा. ठरलं की मीच सांगेन." कुणाच्या जावेमुळे झालं ते शोधत बसू नका. मेसेज दाबून धरून माहिती उघडली की कुणी वाचला ते दिसतं (ग्रुपमध्ये निळ्या टिका लपवता येत नाहीत), पण त्यात जवळजवळ सगळीच नावं असणार. आणि जिनं सांगितलं तिनं कौतुकानंच सांगितलं असेल, "आमच्या वर्गातलीच्या मुलीचं तुमच्याकडे जमतंय म्हणे!" 'बहुतेक' हा शब्द पहिल्याच फोनला गळून पडतो. आपल्या गावात अशोक चौकातून निघालेलं 'जमेल' सात रस्त्याला 'जमलं' होतं, आणि होटगी रोडला पोचेपर्यंत लोक मंगल कार्यालयाची तारीख विचारतात.

यापुढे घरची बातमी लिहिताना आधी बघा, ती कुणाची आहे. लग्नाची दोन घरांची असते. याद्या होऊन सुपारी फुटली, की दोन्हीकडच्यांनी एकाच दिवशी सांगायची. तोवर कांदेपोह्यांचा फोटोही नको, कारण बशांच्या मागे पाहुण्यांचे गुडघे दिसतात आणि ओळखणारे गुडघ्यांवरूनही ओळखतात. दिवस गेल्याची बातमी त्या मुलीची, सासू-आईची नव्हे. आजारपण आजाऱ्याचं, आणि रिपोर्टचा फोटो तर कधीच नको, त्यावर नाव, वय, नोंदणी क्रमांक सगळं असतं. घराला कुलूप लावून तिरुपतीला निघालात, तर फोटो परत आल्यावर.

कुणाला आधी सांगायचं याचीही एक यादी असते, आणि ती कागदावर लिहा. मामा, आत्या, थोरले दीर, शेजारची ती एक काकू. पाच-सात फोन आधी, ग्रुप नंतर, स्टेटस सगळ्यात शेवटी. "आम्हाला स्टेटस बघून कळलं" ही आत्याबाईंची तक्रार लग्नातून निघून बारशापर्यंत पुरते.

स्टेटस ठेवायचंच असेल तर त्याच्या प्रायव्हसीत तीन पर्याय असतात: सगळे संपर्क, अमुक सोडून सगळे, आणि फक्त निवडलेले. घरच्या गोष्टींसाठी तिसरा घ्या. दुसऱ्यात फसगत होते. तुम्ही आज चौघांना वगळता, पण उद्या गॅसवाल्याचा, परवा प्लंबरचा नंबर साठवला की तो आपोआप बघणाऱ्यांत येतो. 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांनी मेसेज आपोआप नाहीसे करण्याची सोय आहे, पण त्याआधी कुणी फोटो सेव्ह केला तर तो राहतोच. 'एकदाच पाहा' म्हणून पाठवलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट निघत नाही, दुसऱ्या फोननं मात्र फोटो काढता येतो. तेव्हा कुलूप म्हणून यातल्या कशावरच विसंबू नका. मन मोकळं करायला चौघींचा वेगळा ग्रुप करा. 23 जणींचा ग्रुप म्हणजे मैत्रीण नव्हे, तो लग्नाचा मांडव आहे. मांडवात आपण हळू बोलतो ना, तसं.

आता त्या दोन अंगठ्यांकडे. या विषयावर मला जास्त बोलायचंय.

तुम्ही लिहिता 'भाकरी, शेंगाचटणी'. बहुतेक फोटोखाली 'आजचा बेत' असेल. त्यावर समोरच्या बाईनं काय बोलावं? तिला धरायला काही मिळत नाही, म्हणून अंगठा. पुण्यातल्या हॉटेलची बिर्याणी जास्त चालते कारण तिथे विचारण्यासारखं असतं: कुठलं, कितीला, रांग होती का. तुमच्या चटणीत यापेक्षा कितीतरी जास्त आहे, तुम्ही ते सांगत नाही. असं लिहून बघा:

"पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर पंधरा मिनिटं भाजले, सालं काढली. लसूण 12 पाकळ्या, जिरं 1 चमचा, तिखट 2 चमचे, मीठ. उखळात कुटली. मागच्या वेळी मिक्सरला लावली तर गोळाच झाला! तुमच्यापैकी कुणाची मिक्सरमध्ये मोकळी होते?"

या शेवटच्या प्रश्नावर हैदराबादची मैत्रीण गप्प बसणार नाही, कारण तिच्याकडे उखळ नाही आणि तिचा गोळा दर वेळी होतो. का होतो तेही तुम्हीच सांगा. गरम दाणे सलग फिरवले की तेल एकदम सुटतं आणि कूट चिकटतं. दाणे पूर्ण गार करून, बटण दोन-दोन सेकंद फिरवून थांबायचं, मध्ये भांडं हलवायचं, लसूण-तिखट शेवटच्या दोन फेऱ्यांत घालायचं. उखळात तेल हळूहळू सुटतं आणि तिखटाला माखतं, म्हणून आपल्या चटणीला ती लाल चमक येते. ओला चमचा बुडवू नये, चटणी लवकर बिघडते. पुण्यात पाकीट विकत घेणाऱ्या बाईला हे कोण सांगणार?

फोटोचं म्हणाल तर, ताट ओट्यावरून उचलून खिडकीशी आणा. ट्यूबलाइटखाली भाकरी राखाडी दिसते आणि तुमचीच सावली ताटावर पडते. कॅमेऱ्याची काच पदरानं पुसा, स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचा थर असतोच, त्यानं फोटो धुकट येतो. फोटो एकच, जवळून, भाकरीचा पापुद्रा सुटलेला दिसेल असा. नऊ फोटो एकदम आले की बघणारी पहिल्यावरून शेवटच्यावर उडी मारते. आणि रविवारी एक ते तीन टाळा. त्या वेळी प्रत्येकीचं ताट येत असतं, तुमचं दहा मिनिटांत वर सरकून दिसेनासं होतं. शनिवारी सकाळी टाका, दाणे भाजायला घेतानाच.

एक जरा बोचेल असं विचारते. नातवाच्या बारशाच्या फोटोवर तुम्ही काय लिहिलंत? 'छान' आणि हात जोडलेले? मग हिशेब बरोबरच आहे. पुढच्या वेळी एकच गोष्ट नीट बघून विचारा: "पाळण्याला बांधलंय ते इरकलीचंच ना? आईचं होतं का?" अशा प्रश्नाला तीस सेकंदांचा आवाजी निरोप येतो, कधी थेट फोनच येतो. आठवड्याला अशा दोघींना विचारा, सगळ्या 22 जणींना पुरायची गरज नाही. बाकी ग्रुप आवाज बंद करून ठेवा. 8 तास, आठवडा किंवा कायमचा बंद करता येतो, आणि ते कुणालाच कळत नाही. संध्याकाळी एकदा उघडला की पुरे. अंगठे मोजण्याची सवयही त्यानं आपोआप सुटेल.

आणि यजमानांना सांगा, ग्रुप सोडण्याऐवजी हुरडा ठरवतेय. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या निमित्तानं बाहेरगावच्या माहेरी येतातच, आणि ज्वारी तेव्हा नेमकी हुरड्यात असते. ग्रुपमध्ये 'केव्हा भेटायचं गं?' असं विचारू नका, त्याला 22 उत्तरं येतात आणि भेट राहून जाते. पोल टाका, तीनच तारखा, मत द्यायला मुदत चार दिवस. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे आणि अक्षता सोहळ्याचे दिवस सोडून, कारण तेव्हा सिद्धेश्वर मंदिराकडचे रस्ते तुंबलेले असतात आणि प्रत्येकीच्या घरी पाहुणे. मंगळवेढ्याकडे किंवा तुळजापूर रस्त्याला कुणाचं शेत आहे का, तेवढं आधी विचारून ठेवा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेतवाल्याशी बोला. कणसं दुधाळ आहेत की टणक झालीत हे तोच सांगू शकतो, आणि पेरणी मागे-पुढे झाली असेल तर तारीख त्याच्या सांगण्यावरून हलवा. दाणा टणक झाला की कितीही चोळा, तळहातावर मऊ निघत नाही. आगटीला गोवऱ्या, बसायला चादरी, दही त्याच्याकडे सांगा. चटणी मात्र तुमची न्या, तेवीस जणींना अर्धा किलो दाण्यांची पुरेल.