अकरावी-बारावीच्या गणितासाठी शिक्षक शोधताना

ताई, पहिल्या घटक चाचणीत मुलीला कमी गुण मिळाले म्हणून घाबरून एखाद्या नावाजलेल्या क्लासची दोन वर्षांची फी एकरकमी भरू नका. नवख्या पालकांकडून हीच चूक सर्वाधिक होते.

आधी उद्दिष्ट ठरवा. बोर्डाच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत बहुतेक उत्तरे पायऱ्यांसह मांडावी लागतात, तर एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेत ९० मिनिटांत गणिताचे ५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात, आणि दोन्ही सारख्याच ताकदीने शिकवणारे शिक्षक मोजकेच भेटतात.

मग दोन तास नमुन्यादाखल बसू द्या, आणि अडलेले उदाहरण मुलीलाच न्यायला सांगा. समजा, साइन ७५ अंशांची किंमत काढायची आहे. फळ्यावर भराभर उत्तर लिहून देणाऱ्यापेक्षा, ‘७५ हा तुझ्या ओळखीच्या कोणत्या दोन कोनांची बेरीज आहे?’ असे विचारून तिला ४५ आणि ३० सुचेपर्यंत थांबणारा शिक्षक निवडा. माझ्या मते हा संयम पदवीपेक्षाही मोलाचा आहे.

दहावीचे बीजगणित कच्चे असल्यास ते आधी पक्के करून घ्या. महिन्याभराने वही उघडून पाहा: तिने स्वतः सोडवलेली उदाहरणे उतरवून घेतलेल्यांपेक्षा कमी दिसली, तर शिक्षकांशी मोकळेपणाने बोला.